'डी रॉयटर': सात तोफांची क्रूझर आणि २७ फेब्रुवारीची रात्र

दर्यावर्दी (धागाकर्ता)

गेले काही महिने दुसऱ्या महायुद्धातल्या पूर्वेकडच्या सागरी लढायांबद्दल मिळेल ते वाचतोय. फिरून फिरून एकाच जहाजापाशी येऊन थांबतो: डच नौदलाची हलकी क्रूझर 'डी रॉयटर'. इथल्या मंडळींची मतं हवीत म्हणून हा धागा.

आधी ओळख करून देतो. स्खीडामच्या विल्टन-फेयेनोर्ड गोदीत १६ सप्टेंबर १९३३ ला बांधणी सुरू झाली, ११ मे १९३५ ला जलावतरण झालं आणि ३ ऑक्टोबर १९३६ ला जहाज नौदलात दाखल झालं. लांबी जवळपास १७१ मीटर, वजन साडेसहा हजार टनांच्या आसपास, वेग ३२ नॉट. कमरेचं चिलखत ५० मिलिमीटर, डेकचं ३०. दोन फोकर समुद्री विमानं. मुख्य तोफा बोफोर्सच्या, १५० मिलिमीटर, आणि संख्या सात. पाणतीर (टॉर्पेडो) एकही नाही.

ही सात संख्या मला छळते. जगात मंदी, तिजोरीत खडखडाट, त्यामुळे पहिल्या आराखड्यात सहाच तोफा होत्या. ओरड झाली तेव्हा जहाज थोडं वाढवून सातवी बसवली. त्याच्या आधी १९२३ मध्ये डच संसदेत नौदल वाढवण्याचा कायदा ५० विरुद्ध ४९, म्हणजे एका मताने पडला होता. त्याविरुद्ध दहा लाखांवर लोकांनी सह्या केल्या होत्या. इकडे सांभाळायचा होता सुमात्रापासून न्यू गिनीपर्यंतचा, म्हणजे आजच्या इंडोनेशियाचा, अख्खा डच वसाहतीचा द्वीपसमूह.

माझं मत: २७ फेब्रुवारी १९४२ च्या लढाईत जपान्यांच्या हातून डी रॉयटर जावाच्या समुद्रात बुडाली, पण तिचा निकाल द हेगच्या अंदाजपत्रकातच लागला होता. तुम्हाला काय वाटतं?

चिमणी_बोट

वाचनखूण साठवली. सवडीने वाचून लिहिते.

तोफखाना

अंदाजपत्रकाशी सहमत नाही, कारण खाली. पण सात तोफांची मांडणी ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: जोडतोफांचे तीन बुरूज, एक पुढे, दोन मागे. आणि पुढच्या बुरुजाच्या वरच्या अंगाला, नेमकं पुलासमोर (जहाज जिथून चालवतात ती जागा), एक सुटी तोफ. म्हणजे बुरूज साडेतीन. आपल्याकडे मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, डचांच्या बोटीवर बुरूज साडेतीन.

आता मुद्दा. २७ फेब्रुवारी १९४२ ला समोर होत्या 'नाची' आणि 'हागुरो'. जड क्रूझर, प्रत्येकीवर २०३ मिलिमीटरच्या दहा तोफा. डी रॉयटरचा गोळा ४६-४७ किलोचा, त्यांचा सुमारे १२६ किलोचा. दुपारी सव्वाचारच्या सुमाराला जपान्यांनी गोळीबार सुरू केला तेव्हा अंतर पंचवीस किलोमीटरच्या वर होतं. डी रॉयटरच्या तोफा जेमतेम वीस-एकवीस किलोमीटर पोचायच्या. तिथे सातच्या दहा असत्या तरी गोळे पाण्यातच पडले असते. डचांनी दुप्पट पैसा खर्चून हीच जातकुळी बांधली असती तर फरक शून्य.

दर्यावर्दी

@तोफखाना, साडेतीन बुरूज झकास! पण दुप्पट पैशात हीच जातकुळी कशाला बांधतील? मोठी बांधली असती की.

सारंग_रत्नांग्री

माझे वडील साठच्या दशकात 'आयएनएस मैसूर'वर तोफखान्यात होते. मूळची ती ब्रिटिशांची 'नायजेरिया', सहा इंची तोफांची क्रूझर. डी रॉयटरच्या तोफा १५० मिलिमीटर म्हणजे जवळजवळ त्याच मापाच्या, म्हणून हे लिहितो.

वडील सांगायचे, बुरुजाच्या आत गेलं की बाहेर दिवस आहे की रात्र हे कळत नाही. तेल, घाम आणि जळक्या दारूचा वास. गोळा पन्नास किलोचा. तो खालच्या कोठारातून वर येतो, तिथून पुढचं काम माणसाच्या हाताचं. गोळा ट्रेवर, मागून दारू, पितळी झडप बंद, हात वर. पुन्हा तेच, मिनिटाला कित्येक वेळा. जहाज एका अंगाला कललेलं असताना तो गोळा छातीशी धरून पाय रोवायचे. वडिलांचा उजवा खांदा शेवटपर्यंत डाव्याहून खाली होता, सदरा शिवताना शिंप्याला दर वेळी सांगावं लागे. सराव संपला की तासभर कुणी कुणाशी बोलायचं नाही, कारण ऐकूच यायचं नाही.

हे सगळं शांततेच्या काळातलं. त्या दिवशी डी रॉयटरवरच्या पोरांनी हे दुपारी चारपासून रात्री साडेअकरापर्यंत, अधूनमधून का होईना, केलं. तेही आदल्या रात्रभर शत्रूला शोधत समुद्र पालथा घातल्यावर. सात तोफा की दहा हे वाचताना मला आधी ती पोरं दिसतात.

चिमणी_बोट

सारंगकाका, खांद्याचं वाचून थांबले. तुमच्या वडिलांना नमस्कार.

तोफखाना

दादा, फार मोलाचा प्रतिसाद. मैसूर निघाली म्हणून एक धागा जोडतो. जावाच्या लढाईत डी रॉयटरच्या मागे 'एक्झेटर' होती. ही तीच एक्झेटर जी डिसेंबर १९३९ मध्ये दक्षिण अमेरिकेजवळ रिव्हर प्लेटला 'ग्राफ श्पे' या जर्मन युद्धनौकेशी झुंजली. तिथे तिच्या जोडीला 'अकिलीस' होती, आणि तीच अकिलीस १९४८ मध्ये आपल्याकडे 'दिल्ली' होऊन आली. डिसेंबर १९६१ मध्ये दीवसमोर दिल्ली होती आणि अंजदीवकडे मैसूर. गोव्याच्या मुक्तीत भाग घेतलेलं जहाज आणि जावाच्या समुद्रातलं जहाज एकेकाळी एकाच रांगेत लढले होते.

हेंगेलोचा_पाहुणा

गेली नऊ वर्षं नेदरलँड्समध्ये आहे. आधी उच्चाराचं सांगतो, कारण मीही पहिली दोन वर्षं 'रॉयटर'च म्हणायचो. तो स्वर मराठीत नाही. 'आय' आणि 'आउ' यांच्या मधे ओठ गोल करून अडकायचं. इथल्या शेजारच्या आजोबांनी माझ्याकडून दहा वेळा म्हणून घेतलं. तुम्ही डी रॉयटर लिहा, चालतं. नाव सतराव्या शतकातल्या मिखिएल डी रॉयटर या दर्यासारंगाचं. १६६७ मध्ये त्याने थेट मेडवे नदीत घुसून इंग्रजांची लढाऊ गलबतं जाळली होती.

धागाकर्त्याने सातावर बोट ठेवलं, मी दहावर ठेवतो. डी रॉयटरवर ४० मिलिमीटरच्या दहा विमानविरोधी बोफोर्स तोफा होत्या, पाच जोड्या. त्यांचा नेम धरणारी यंत्रणा मी राहतो त्या हेंगेलो गावातल्या हाझेमेयर कारखान्याची. जहाज डोललं तरी तोफ आणि दुर्बीण दोन्ही स्थिर राहतील अशी ती रचना होती, आणि तीसच्या दशकात इतकं पुढचं जवळपास कुणाकडे नव्हतं. १९४० मध्ये जर्मन घुसले तेव्हा 'विलेम व्हान डर झान' हे सुरुंगपेरे जहाज ही यंत्रणा घेऊन इंग्लंडला पोचलं. ब्रिटिशांनी ती पाहिली आणि तिची नक्कल करून स्वतःच्या जहाजांवर बसवली. म्हणजे या गरीब म्हटलेल्या जहाजावर जगातली पहिल्या दर्जाची एक गोष्ट होती.

तो कारखाना पुढे सिग्नाल म्हणून प्रसिद्ध झाला. आपल्या माझगाव गोदीत बांधलेल्या लिअँडर जातीच्या फ्रिगेटी आठवा: 'हिमगिरी'पासून पुढच्या जहाजांवर रडार हेंगेलोचं होतं.

तोफखाना

यंत्रणा उत्तम, जागा वाईट. पाचही जोड्या मागच्या बाजूला एकाच ठिकाणी गर्दीने बसवल्या होत्या. समोरून येणाऱ्या विमानाला पुलाचा मनोरा आड यायचा, आणि एक बॉम्ब नेमका पडला तर सगळ्या जोड्या एकदम गेल्या असत्या. ४ फेब्रुवारी १९४२ ला फ्लोरेस समुद्रात जपानी विमानांनी गाठलं तेव्हा अमेरिकेच्या 'हौस्टन'चा मागचा बुरूज निकामी झाला, 'मार्बलहेड' जायबंदी झाली. डी रॉयटर वाचली, पण तिच्या याच नेमयंत्रणेला इजा झाली.

वेंगुर्ल्याची_लाट

अवांतर: डच म्हटलं की आमच्या वेंगुर्ल्याची डच वखार आठवते. सतराव्या शतकात ते गोव्याच्या पोर्तुगिजांवर नजर ठेवायला इथे बसले होते. आता भिंतींत वडा-पिंपळाची मुळं शिरलीत. आम्ही लहानपणी तिथे लपंडाव खेळायचो. त्यांच्या कंपनीचा मोठा कारभार बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून चाले. जे राखायला डी रॉयटर धाडली, त्याची सुरुवात अशा वखारींतून झाली.

रानफूल

वेंगुर्ल्याच्या ताईंनी बरोबर ठिकाणी आणलं. हे सगळं वाचताना एक प्रश्न सतत टोचतोय: समुद्र कुणाचा? डी रॉयटरची बांधणी सुरू झाली त्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, 'डी झेव्हन प्रोव्हिन्सियन' या डच युद्धनौकेवर पगारकपातीविरुद्ध उठाव झाला. इंडोनेशियन खलाशी होते, काही डचही होते. सुमात्राच्या किनाऱ्याने ती नौका ते स्वतः चालवत घेऊन निघाले. विमानातून बॉम्ब टाकून उठाव मोडला, २३ जण गेले.

मुंबईत वाढलेल्या माणसाला हे वाचून फेब्रुवारी १९४६ चा नौदलाचा उठाव आठवल्याशिवाय राहत नाही. 'तलवार'वरून निघालेली ठिणगी, गोदीतला संप, गिरण्यांतून रस्त्यावर आलेले कामगार. आमचे आजोबा तेव्हा लालबागला होते.

म्हणून अंदाजपत्रकाबद्दल बोलताना हेही धरा की ज्या मंदीने डी रॉयटरची एक तोफ कमी केली, तिनेच खलाशाच्या ताटातली भाकरीही कमी केली होती. डी रॉयटरच्या बॉयलरपाशी जावाची पोरंही होती. ती गेली तेव्हा त्यांचा देश त्यांचा नव्हता.

सारंग_रत्नांग्री

रानफूल, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. फक्त एक सांगतो. बॉयलरपाशी उभा असलेला माणूस त्या घटकेला झेंड्यासाठी नाही, शेजारच्यासाठी उभा असतो. वडील हे फार वेळा म्हणायचे.

प्रतिकृतीवाला

मी जहाजांच्या छोट्या प्रतिकृती करतो. डी रॉयटर १/७०० मापात केली, चोवीस सेंटिमीटरचं जहाज. प्रतिकृती करताना बोटांना कळतं ते वाचून कळत नाही. ती सुटी सातवी तोफ चिमट्यात धरून पुलासमोर चिकटवली तेव्हा लक्षात आलं की तिथे दुहेरी बुरूज ठेवला तर खालचा भाग रुंद करावा लागतो, वरचं वजन वाढतं, सगळा तोल बदलतो. पैशाचा प्रश्न आकारात कसा उतरतो हे तिथे दिसलं. एकच धुराडं, त्यापुढे जर्मन धर्तीचा उंच मनोरा, आणि मागे त्या पाच जोड्या खरंच खांद्याला खांदा लावून. तोफखाना म्हणतात ते बरोबर आहे.

चिमणी_बोट

कुणीतरी लढाईच सलग सांगा ना! तुकड्यातुकड्यांत हाती लागत नाहीये.

दर्यावर्दी

चिमणीताई, प्रयत्न करतो.

दोस्तांच्या ताफ्याचा प्रमुख, डच रिअर ॲडमिरल कारेल डोरमान, डी रॉयटरवर. हाताखाली पाच क्रूझर: डी रॉयटर, 'जावा', एक्झेटर, अमेरिकेची हौस्टन, ऑस्ट्रेलियाची 'पर्थ'. नऊ विनाशिका. चार देश, चार संकेतपद्धती, एकत्र सराव असा झालेलाच नाही. डोरमानचा हुकूम डी रॉयटरवरचा अमेरिकी संपर्क अधिकारी भाषांतरित करायचा आणि हौस्टनमार्फत तो इतरांना कळायचा.

२७ तारखेच्या दुपारी ताफा दमून सुराबायाला परतत होता. बंदराच्या तोंडाशीच जपानी ताफा दिसल्याची खबर आली आणि डोरमानने तिथूनच जहाजं वळवली. विमानं किनाऱ्यावरच ठेवलेली, कारण अपेक्षा रात्रीच्या लढाईची होती. सुरुवातीलाच डी रॉयटरला २०३ मिलिमीटरचा एक गोळा लागला, यंत्रकक्षाशेजारी घुसला, पण फुटला नाही.

पाच वाजून गेल्यावर एक्झेटरच्या बॉयलर खोलीत गोळा फुटला. ती वेग तुटून रांगेबाहेर वळली. मागच्या जहाजांना वाटलं वळायचा हुकूम आहे, तीही वळली. पुढे डी रॉयटर एकटीच जात राहिली. त्याच गोंधळात डच विनाशिका 'कोर्टेनार'ला पाणतीर लागला, ती मधोमध मोडून बुडाली. मग धुराच्या पडद्याआड ब्रिटिश 'इलेक्ट्रा' गेली. अंधार पडल्यावर 'ज्युपिटर' सुरुंगावर गेली. अमेरिकी विनाशिका पाणतीर संपल्याने परतल्या. 'एन्काउंटर'ला कोर्टेनारची माणसं पाण्यातून काढायला मागे ठेवलं, तिने ११३ जणांना वाचवलं.

रात्री अकरानंतर उरल्या चार क्रूझर, सोबत एकही विनाशिका नाही. पुन्हा नाची आणि हागुरो समोर. नाचीने आठ, हागुरोने चार पाणतीर सोडले. एक जावाला लागला. तिचा मागचा भागच तुटला आणि ती काही मिनिटांत गेली, पाचशेवर माणसांसह. एक डी रॉयटरला मागे लागला, आग पसरली, विमानविरोधी दारूगोळा फुटू लागला. ती दोन-तीन तास तरंगली. साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली, त्यांत डोरमान आणि कप्तान लाकोम्ब्ले. त्याआधी डोरमानने हौस्टन आणि पर्थला सांगितलं होतं की माणसं उचलायला थांबू नका, बटाव्हिया गाठा.

चिमणी_बोट

धन्यवाद. २७ फेब्रुवारी म्हणजे मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा वाढदिवस. आता ही तारीख दोन कारणांनी लक्षात राहील.

तोफखाना

दर्यावर्दींनी सलग मांडल्यावर माझा मुद्दा आपोआप येतो. दोन्ही डच क्रूझर तोफांनी मेल्या नाहीत. जपान्यांचा ९३ क्रमांकाचा पाणतीर: व्यास ६१ सेंटिमीटर, शुद्ध प्राणवायूवर चालणारा म्हणून बुडबुड्यांची रेघ जवळपास दिसत नाही, पूर्ण वेगात वीस किलोमीटरवर पल्ला, डोक्यात ४९० किलो स्फोटक. दोस्तांना असं काही अस्तित्वात आहे याची कल्पना नव्हती. त्या अंतरावरून पाणतीर येऊच शकत नाही असं मानून ते सरळ रेषेत चालत होते. पन्नासच्या जागी शंभर मिलिमीटर चिलखत असतं तरी पाण्याखालच्या त्या फटक्याला काय उपयोग?

प्रतिकृतीवाला

मग 'ट्रॉम्प'चं काय? तीही डच, डी रॉयटरच्या निम्म्या वजनाची, सहा तोफांची. पण तिच्यावर सहा पाणतीर होते. १९३८ ची बांधणी.

दर्यावर्दी

ट्रॉम्पसाठी खरं तर वेगळा धागा हवा. १९-२० फेब्रुवारीच्या रात्री बालीजवळ बाडुंग सामुद्रधुनीत 'आसाशिओ' या विनाशिकेशी गाठ पडली. ११ गोळे लागले, १० माणसं गेली. दुरुस्तीला ऑस्ट्रेलियाला गेली म्हणून २७ तारखेला नव्हती, म्हणून वाचली. पुढे हिंदी महासागरात ब्रिटिशांच्या पूर्व ताफ्याबरोबर. जुलै १९४४ मध्ये तीन विनाशिकांसोबत थेट सुमात्राजवळच्या, जपान्यांच्या ताब्यातल्या सबांगच्या बंदरात घुसली. सप्टेंबर १९४५ मध्ये बटाव्हियाला परत पोचणाऱ्या पहिल्या दोस्त युद्धनौकांत ती होती. डच खलाशी तिला भाग्यवान जहाज म्हणत.

रानफूल

आणि बटाव्हियाला पोचली तेव्हा इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर करून महिना झाला होता. १७ ऑगस्ट १९४५.

पाणकावळा

मी हौशी पाणबुड्या आहे, थोडी कडू गोष्ट लिहितो. डिसेंबर २००२ मध्ये पाणबुड्यांना जावा समुद्रात डी रॉयटर आणि जावा सापडल्या. मग २०१६ च्या अखेरीस पंचाहत्तराव्या स्मृतिदिनाच्या तयारीसाठी पथक पुन्हा गेलं. ध्वनियंत्राने तळ पाहिला तर दोन्ही जहाजं नाहीत. वाळूत लांबलचक खळगा, जहाजाच्या आकाराचा. कोर्टेनारचाही मोठा भाग गेलेला. एक्झेटर आणि एन्काउंटरही तशाच. भंगारवाल्यांनी क्रेनच्या बार्जवरून पंजे टाकून तुकडे तुकडे ओढून नेले. साडेसहा हजार टनांचं जहाज, पोटात माणसांची हाडं.

मी बुडालेल्या जहाजांवर उतरलोय. गंजावर प्रवाळ चढलेलं असतं, मासे दारातून आत-बाहेर करतात, टॉर्चच्या उजेडात एखादी कपबशी दिसते. आपण हात लावत नाही. तिथे मोकळा खळगा दिसला तर कसं वाटेल याची कल्पनाही नको वाटते. भंगार चोरणारे गरीब असतील, त्यांचा राग येत नाही. ज्यांनी ते पोलाद विकत घेतलं त्यांचा येतो.

सारंग_रत्नांग्री

वाचून सुन्न झालो. दर्यात गेलेल्या माणसाला दर्याच कबर. तीही उपसली.

वेंगुर्ल्याची_लाट

आमच्याकडे तांडेल बुडाल्या होडीच्या जागी नारळ सोडतात आणि ती जागा टाळून जाळी टाकतात.

हेंगेलोचा_पाहुणा

द हेगच्या क्लोस्टरकेर्क चर्चमध्ये या लढाईचा स्मृतिफलक आहे. सुराबायालाही डच युद्धस्मशानात डोरमानचं स्मारक आहे, तिथे नावं कोरलेली आहेत. अवशेष नेल्यानंतर नावं फक्त तिथेच उरली.

मूळ प्रश्नाकडे येतो. दर्यावर्दी, अंदाजपत्रकाचं तुमचं म्हणणं अर्धं पटतं. पण पैसा तोफांत कमी पडला नाही, विमानांत पडला. डोरमान स्वतः डच नौदलाच्या पहिल्या वैमानिकांपैकी एक. डोक्यावर कुणी नसेल तर काय होतं हे ताफ्यात त्याच्याइतकं कुणाला कळत असेल? दिवसभर जपानी विमानं त्याची जागा कळवत होती, आणि त्याला शत्रू कुठे आहे हे तासंतास माहीत नव्हतं.

तोफखाना

हे मान्य. माझ्या यादीत विमानं पहिली, पाणतीर दुसरे, भाषेचा गोंधळ तिसरा. सातवी तोफ फार खाली.

दर्यावर्दी

सगळ्यांचं वाचून मत बदलतोय, पूर्ण नाही. जहाज दुबळं होतं म्हणून ते बुडालं, हे मागे घेतो. हौस्टन आणि पर्थ दोघीही १ मार्चला मध्यरात्रीनंतर सुंदा सामुद्रधुनीत गेल्या, एक्झेटर त्याच दिवशी. हौस्टन तरी काही काटकसरीची नव्हती. पण १९२३ चं ते एक मत पारड्यात दुसरीकडे पडलं असतं तर तिथे डी रॉयटर एकटी नवी नसती. 'जावा' १९१६ ला बांधायला घेतलेली, उघड्या तोफांची, तिला त्या रांगेत उभं करावं लागलं नसतं. पाचशे माणसं तिच्यावर होती.

प्रतिकृतीवाला

हे पटलं. आता 'जावा'चं जहाज करायला घेतो. दहा सुट्या तोफा, दहाही वेगळ्या कापाव्या लागणार. कुणाकडे तिचा १९३४ नंतरचा, नव्या डोलकाठीचा बाजूचा फोटो असेल तर इथे टाका.

हेंगेलोचा_पाहुणा

पुढच्या आठवड्यात डेन हेल्डरच्या नौदल संग्रहालयात जातोय. तिथे मिळाला तर तुमच्यासाठी काढून आणतो.